काढेकाकांची बायको

सोमवारी सव्वाअकराच्या सुमारास गणिताच्या बाईंनी माझ्या खिडकीतून गोळ्यांची तीन पाकिटं आत सरकवली. एकवीस वर्षं मी रुग्णालयातल्या औषधांच्या खिडकीमागे बसते आहे. कागद आत येतो, औषध बाहेर जातं, एवढीच ये-जा माझ्या हातांना ठाऊक आहे. त्यामुळे औषधच आत यायला लागलं तेव्हा माझा हात क्षणभर काउंटरवर नुसता पडून राहिला. बाई आमच्याच भागात राहणाऱ्या, निवृत्त होऊन नऊ-दहा वर्षं झालेल्या. त्यांचे विद्यार्थी आता टकले झाले असले तरी सगळे त्यांना गणिताच्या बाईच म्हणतात. रक्तदाबाच्या गोळ्या दर महिन्याला माझ्याकडूनच न्यायच्या. मी पाकिटं उलटून पाहिली. एकही फोडलेलं नव्हतं.

"चुकीची दिली गेली का?" मी विचारलं.

"नाही हो, बरोबर आहेत. मला आता लागत नाहीत. कुणा गरजूला द्या."

"डॉक्टरांनी बंद केल्या?"

"डॉक्टर कशाला? तुमच्याच घरचं औषध चालू आहे की." बाई हसल्या. "तुमच्या मिस्टरांनी दिलेली ब्राह्मी. रोज सकाळी रस काढून घेते. दोन महिने झाले, गोळीला हात लावलेला नाही. डोकं कसं हलकं वाटतं."

"त्यांनी सांगितलं गोळ्या बंद करा म्हणून?"

"असं नाही. मी विचारलं, दोन्ही एकदम घेतलं तर चालेल का. ते म्हणाले, एक काहीतरी घ्या, म्हणजे कशानं गुण येतो ते कळेल. मला पटलं. दोन अज्ञात संख्या आणि समीकरण एकच, मग उत्तर कसं निघणार?" मग त्या खिडकीच्या जाळीजवळ तोंड आणून, एखादं गुपित सांगावं तशा म्हणाल्या, "आणि तुमचंच उदाहरण दिलं त्यांनी. म्हणाले, माझी बायको दिवसभर औषधांच्या ढिगाऱ्यात बसते, पण तिचा खोकला गेला तो माझ्या अडुळशानं."

त्यांच्या मागे रांग होती. शेजारच्या खिडकीतली माझी सहकारी टोकनचे आकडे पुकारत होती. मी बाईंना बाजूच्या बाकावर बसवलं आणि एका सिस्टरला बोलावून रक्तदाब मोजायला लावला. वरचा आकडा एकशे अठ्ठ्याऐंशी. बाई म्हणाल्या, तुमचं यंत्र जुनं झालंय आणि मी आताच जिना चढून आलेय. शिवाय एका मोजमापावरून निष्कर्ष काढायचा नसतो. मी म्हटलं, डॉक्टरांना भेटून जा. बरं म्हणाल्या आणि दाराकडे गेल्या. डॉक्टरांची खोली दुसऱ्या बाजूला होती. परत आलेलं औषध पुन्हा कुणाला देता येत नाही, ते नष्ट करायचं असतं, असा नियम आहे. मी ती तीन पाकिटं माझ्या खणात टाकली आणि पुढचा कागद हातात घेतला. कानाच्या थेंबांचा होता. मी थेंब दिले, कुठल्या कानात आणि किती ते सांगितलं. माझा आवाज नेहमीसारखाच निघाला याचं मला नवल वाटलं.

खोटं बोलून तीन वर्षं झाली की ते खोटं आहे हे आपण विसरतो असं नाही. पण ते घरातल्या एखाद्या जड कपाटासारखं होऊन बसतं. त्याच्या अवतीभवती आपण वळायला शिकतो, ढोपर आपटत नाही. माझा नवरा लिफ्ट बनवणाऱ्या कंपनीत नकाशे काढायचा. सत्तावीस वर्षं. इमारतीच्या पोटात लिफ्टसाठी किती रुंद आणि किती खोल पोकळी सोडायची, ते तो शाईनं काढायचा, नंतर संगणकावर काढायला लागला, आणि मग एक दिवस असं ठरलं की ते काम दुसऱ्या शहरातली तीन पोरं आणि एक प्रणाली मिळून करतील. निरोप समारंभही झाला म्हणे. त्यात त्याला भिंतीवरचं घड्याळ दिलं. घरी आल्यावर त्यानं ते खोक्यातून काढलंच नाही. पुढचे सात महिने तो मागच्या खोलीतल्या खुर्चीत बसून होता. बसून होता म्हणजे खरोखर बसून. पेपर मांडीवर असायचा, पान उलटलेलं नसायचं. मी कामावरून यायचे तेव्हा सकाळी ठेवलेला चहाचा कप त्याच जागी, वर साय धरलेला. दाढी वाढली होती. ती त्याला शोभत नव्हती, कारण ती त्यानं वाढवलेली नव्हती, नुसती झाली होती. मुलगी दुसऱ्या गावी नोकरीला. ती फोनवर विचारायची, बाबा काय करतायत? मी म्हणायचे, आराम करतायत.

त्या वर्षी मला खोकला झाला. साधा नव्हता, छातीत उतरलेला. एका दुपारी खोकून खोकून मी ओट्याला धरून उभी होते, आणि तो खुर्चीतून उठला. तो आपणहून उठला हे मला खोकल्याच्या उबळीतही जाणवलं. आमच्या स्वयंपाकघरामागे बारा फूट बाय नऊ फुटांचं अंगण आहे. तेव्हा तिथे कपडे वाळत घालायची तार, एक फुटकी टाकी आणि आधीच्या भाडेकरूनं लावलेलं अडुळशाचं झुडूप एवढंच होतं. तो मागे गेला, पानं तोडून आणली, धुतली, एकेक पान उलटून पाहिलं, आणि पातेल्यात उकळत ठेवून वर झाकण घातलं. आई असंच करायची, एवढंच म्हणाला. मला वाटतं, त्या आठवड्यातलं ते त्याचं पहिलं पूर्ण वाक्य होतं. काढा कडू जहर होता. मी प्यायले. दुसऱ्या दिवशी रुग्णालयातल्या डॉक्टरांनी छाती तपासून पाच दिवसांच्या गोळ्या लिहून दिल्या आणि त्या मी कामावरच घेतल्या. स्टोअरमध्ये सलाईनच्या खोक्यांच्या मागे उभी राहून, बाटलीतल्या पाण्याबरोबर. घरी नेल्या नाहीत. का नाही नेल्या, ते तेव्हा मी स्वतःला विचारलं नव्हतं. पाकीटही तिथल्याच कचऱ्यात टाकत होते. घरी आले की तो काढा घेऊन उभा असायचा. तोही मी रोज घेतला. सहाव्या दिवशी त्यानं विचारलं, खोकला कसा आहे? मी म्हटलं, गेला. इथपर्यंत ठीक होतं. पण तो माझ्याकडे बघत राहिला आणि त्या बघण्यात इतकी भूक होती की माझ्या तोंडून निघून गेलं, "तुझ्या काढ्यानं."

दुसऱ्या दिवशी मी आंघोळ करून बाहेर आले तर तो आरशासमोर दाढी करत होता. हनुवटीजवळ कापलं होतं, तिथे कागदाचा कपटा चिकटवला होता. संध्याकाळपर्यंत अंगणात सहा कुंड्या आल्या.

पुढचं सगळं त्याच्या पद्धतीनं झालं. आधी नकाशा. अंगणाचा, मापात काढलेला, ऊन कुठून येतं आणि किती वाजता कुठे सरकतं ते बाणांनी दाखवलेला. टाकी हलली, तार वर गेली. भिंतीच्या कडेला विटांचे वाफे आले, त्यांत पुदिना, गवती चहा, आलं, ब्राह्मी. उन्हाच्या कोपऱ्यात कोरफड. पुदिना दुसऱ्यांच्या वाफ्यांत घुसतो म्हणून त्याला वेगळी पत्र्याची हद्द. प्रत्येक रोपाशेजारी पत्र्याची पाटी. तिच्यावर त्याच्या त्या सुबक, लिफ्टच्या नकाशावरच्या अक्षरात रोपाचं नाव, आणि खाली बारीक अक्षरात ते कशावर चालतं ते. खोकला. पोट. झोप. पोळलेलं. आधी शेजारीण पुदिना मागायला आली, मग तिची जाऊ, मग गल्लीतले लोक. कुणीतरी त्याला काढेकाका म्हणालं आणि ते चिकटलं. मी काढेकाकांची बायको झाले. माझी सहकारी म्हणायची, तुमचं बरं आहे, नवरा-बायको मिळून सगळा बाजार हातात ठेवलाय, कुठेही गेलं तरी गिऱ्हाईक तुमच्याच घरात. मी हसायचे. खरं तर मला आवडायचं ते. संध्याकाळी घरी यावं तर अंगणातून बोलण्याचा आवाज येतोय, मातीचा ओला वास येतोय, आणि नवरा कुणाला तरी सांगतोय की पानं तोडताना खालची तोडायची, शेंडा खुडायचा नाही. साधी पोटदुखी, साधी सर्दी, यात काय बिघडणार होतं? गवती चहानं कुणी मेलेलं मी तरी ऐकलं नव्हतं. तो माझ्या खोकल्याची गोष्ट लोकांना सांगतो हेही मला माहीत होतं. मी भांडी घासताना ऐकलं होतं एकदोनदा, नळ जरा मोठा सोडला होता.

त्या सोमवारी घरी जाताना मी वाक्यं जुळवत होते. बाईंना सांग की गोळ्या चालू ठेवा. एवढंच म्हणायचं, खोकल्याचा विषय काढायचाच नाही. दारात पोचले तर तो मुलीशी फोनवर बोलत होता. तिच्या ऑफिसातल्या कुणाला तरी झोप येत नव्हती आणि तो तिला जटामांसीची माहिती देत होता, पुस्तकातून वाचून, चष्मा कपाळावर, हात मातीनं भरलेले. मी पिशवी ठेवली आणि भाजी चिरायला घेतली. मंगळवारी तो वाफे ओले करत होता. बुधवारी मी म्हटलं, "लोकांना सांगतोस ना, की डॉक्टरांचं औषध सोडू नका म्हणून?" तो म्हणाला, "ज्याचं त्याला कळतं. मी कुणाला काही सोडायला सांगत नाही." आणि ते त्याच्या परीनं खरंच होतं. गुरुवारी मी काहीच बोलले नाही. आपण एखादी गोष्ट टाळतोय असं त्या वेळी वाटत नाही. वाटतं, योग्य वेळ शोधतोय. रोज खणातली तीन पाकिटं दिसायची आणि मी त्यांच्यावर रजिस्टर ठेवायचे.

शुक्रवारी दुपारी बाईंना रिक्षातून आणलं. भाजी घेताना चक्कर येऊन पडल्या होत्या. मनगट मोडलं होतं. तेवढ्यावर निभावलं. डॉक्टर म्हणाले, डोक्यावर पडल्या असत्या किंवा आतली एखादी शीर फुटली असती तर आपण आज हे बोलत नसतो. वरचा आकडा दोनशेच्या घरात. मी जेवणाच्या सुट्टीत प्लास्टरच्या खोलीत गेले. बाई हात पुढे करून बसल्या होत्या, ओलं प्लास्टर वाळायची वाट बघत. मला बघून म्हणाल्या, "डावा आहे, लिहायचं अडणार नाही." मी सोमवारीच बोलले असते तर, असं माझ्या मनात आलं नाही. जे आलं ते याहून वाईट होतं. आलं ते असं की आता सांगावंच लागणार. म्हणजे बाई पडल्या याचं दुःख नंतर, आधी स्वतःची अडचण. मी ते तिथेच, त्या खोलीत, चुन्याच्या वासात ओळखलं आणि मला स्वतःची शिसारी आली.

घरी पोचले तेव्हा सहा वाजले होते, अंगणात ऊन अजून भिंतीवर होतं. तो उकिडवा बसून आल्याच्या वाफ्यातली माती सैल करत होता. मी चपला न काढता मागच्या दारात उभी राहिले.

"बाई पडल्या," मी म्हटलं. "गणिताच्या. मनगट मोडलं. रक्तदाब दोनशेच्या घरात होता."

त्यानं खुरपं खाली ठेवलं. "रस वेळेवर घेत नसतील," तो म्हणाला. "मी त्यांना सांगितलं होतं, उपाशीपोटी घ्यायचा."

"रोज घेत होत्या. गोळ्या घेत नव्हत्या."

"मी त्यांना गोळ्या सोडा म्हटलं नव्हतं."

"एक काहीतरी घ्या म्हणालास. आणि माझ्या खोकल्याचं सांगितलंस." इथे मला दम घ्यावा लागला, जिना चढल्यासारखा. "माझा खोकला गोळ्यांनी गेला होता."

तो माझ्याकडे बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर राग वगैरे काही नव्हतं. नकाशात एखादं माप जुळत नसलं की तो जसा बघायचा तसा बघत होता.

"कुठल्या गोळ्या?"

"रुग्णालयातल्या. पाच दिवसांच्या. स्टोअरमध्ये घेत होते."

"आणि काढा?"

"तोही घेत होते."

"ओतून नाही टाकलास?"

"एकदाही नाही."

"मग दोन्ही एकदम घेतलंस," तो सावकाश म्हणाला. "मग कशानं गेला हे तू कसं सांगतेस?"

त्यानं हे वाद घालायला विचारलं नव्हतं. तो एक दार उघडं ठेवून बघत होता, मी त्यातून येते का. आणि मला यायला किती सोपं होतं. असेलही बाबा, कुणी सांगावं, दोन्हीचा गुण आला असेल. मी हे म्हणाले असते तर त्यानं खुरपं पुन्हा उचललं असतं.

"गोळ्यांनी गेला," मी म्हटलं. "छातीत जंतू होते. काढ्यानं घशाला बरं वाटत होतं, खोकला सुटत होता. पण गेला तो गोळ्यांनी. माझं कामच आहे हे, मला कळतं."

शेजारच्या घरातून कुकरची शिट्टी ऐकू आली. मग त्यानं विचारलं, "खोटं का बोललीस?"

या प्रश्नाची उत्तरं मी तीन वर्षांत कितीतरी वेळा तयार केली होती. सगळी मोठी आणि समजूतदार. त्यातलं एकही आठवेना. मी म्हटलं, "तू दाढी करत नव्हतास."

त्याचा हात हनुवटीकडे गेला. मातीचा डाग उमटला तिथे. मग तो उठला, उठताना भिंतीला हात लावला, आणि माझ्या बाजूनं आत गेला. अंगाला अंग लागू नये इतपत जागा सोडून. मी खुरपं उचलून धुतलं आणि जागेवर ठेवलं.

शनिवारी सकाळी तो म्हणाला, "बाईंकडे जायचंय. तूही चल." मी येताना बरोबर आणलेलं गोळ्यांचं नवीन पाकीट घेतलं, डॉक्टरांनी आदल्या दिवशी लिहून दिलेलं, बाईंनी न नेलेलं. बाई तिसऱ्या मजल्यावर राहतात. दुसऱ्या मजल्यावर तो कठडा धरून थांबला. मला वाटलं, लाज वाटतेय, पाय निघत नाही. मी दोन पायऱ्या खाली उभी राहून वाट पाहिली. बाईंनी दार उघडलं, आम्हाला बसवलं, एका हातानं चहा करायला निघाल्या, त्याला आम्ही दोघांनीही नको म्हटलं. त्यानं सांगितलं की गोळ्या पुन्हा चालू करा, ब्राह्मी बंद. बाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुम्हाला घरून दटावलेलं दिसतंय. अहो, पडायला काय, माणूस कशानंही पडतं. माझा विश्वास आहे तुमच्यावर."

"तोच ठेवू नका," तो म्हणाला. "मी तुम्हाला हिच्या खोकल्याचं सांगितलं होतं. ते खोटं होतं. तो रुग्णालयातल्या गोळ्यांनी गेला. मला बरं वाटावं म्हणून ही खोटं बोलली, आणि ते मी खरं धरून सगळ्यांना सांगत फिरलो. मला माहीत नव्हतं. पण विचारायला हवं होतं, ते विचारलं नाही."

हे सांगताना त्याचा आवाज चढला नव्हता, पडला नव्हता. मी खाली फरशीकडे बघत होते, आणि बाई माझ्याकडे बघतायत हे मला न बघताच कळत होतं. "मी पेपर तपासायचे तेव्हा," त्या शेवटी म्हणाल्या, "उत्तर बरोबर आलं तरी रीत चुकीची असली तर गुण देत नसे." हे त्या मला म्हणाल्या, त्याला नव्हे. मग चांगला हात पुढे केला आणि म्हणाल्या, द्या ते पाकीट. मी दिलं. रोज सकाळी एक, न चुकवता, असं सांगितलं. त्या म्हणाल्या, माहीत आहे, सहा वर्षं घेत होते.

कुणाला काय दिलं याची त्याच्याकडे वही होती. तारीख, रोप, किती पानं, कशासाठी. बाई धरून सतरा जण निघाले ज्यांचं काहीतरी चालू असणार, साखर, रक्तदाब, थायरॉइड. मी म्हटलं, उरलेल्यांकडे मीही येते. तो म्हणाला, "नको. हे माझं आहे." दोन दिवस तो फिरत होता. मला नंतर तुकड्यातुकड्यांनी कळलं. काहींनी गोळ्या सोडल्याच नव्हत्या. काहींना तो काय सांगतोय हेच कळलं नाही. एकानं दार लावून घेतलं. शेजारणीची जाऊ हसली म्हणे आणि म्हणाली, काका, बायकोनं एवढं केलं तुमच्यासाठी, आमच्याकडे कोण करतं. ते त्याला सगळ्यात लागलं असावं, कारण हे एवढंच त्यानं मला आपणहून सांगितलं, ताट पुढे ओढताना, माझ्याकडे न बघता.

मला भीती होती की तो पुन्हा त्या खुर्चीत जाऊन बसेल. रोज कामावरून येताना कोपऱ्यावर वळलं की मी भरभर चालायला लागायचे. पण तो अंगणातच असायचा, पाणी घालायची वेळ चुकवत नव्हता. माझ्याशी बोलायचा, पण फक्त लागेल तेवढं. गॅस संपत आलाय. मुलीचा फोन होता. मंगळवारी मी आले तर सगळ्या पाट्या काढून पुढच्या दाराच्या पायऱ्यांवर वाळत घातल्या होत्या. त्यानं जुनी अक्षरं खरवडून नवी लिहिली होती. आता नुसती नावं. खालची बारीक ओळ कुठेच नव्हती. पुदिना. गवती चहा. अडुळसा. मी त्या पाट्या ओलांडून वर आले, एकीवरही पाय पडू न देता. त्या रात्री जेवताना मला म्हणावंसं वाटलं की पुदिन्याच्या खाली पोट लिहिलं असतंस तरी चाललं असतं, तेवढं खरं आहे. पण आता खरं काय ते सांगण्याचा अधिकार माझ्याकडे कितपत उरलाय याचा मला अंदाज नव्हता, म्हणून मी भात वाढला.

गुरुवारी खिडकीवर गर्दी होती, साडेदहाची. मी मान वर न करता कागद घेत होते. एक कागद आला, त्यावरचं नाव मी वाचलं आणि पुन्हा वाचलं, कारण ते माझ्याच आडनावाचं होतं. मग मान वर केली. तो उभा होता, इस्त्रीचा शर्ट घालून, हातात टोकन धरून, इतरांसारखा. रांगेत चाळीस मिनिटं तरी उभा राहिला असणार. आत आला नाही, मला निरोप धाडला नाही. कागदावर डॉक्टरांनी लिहिलं होतं: रक्तदाब एकशे ब्याऐंशी, एकशे दहा. आठ महिन्यांपूर्वी निदान. औषध सुरू केलेले नाही. खाली गोळीचं नाव. बाईंचीच गोळी.

आठ महिन्यांपूर्वी तो चष्म्याचा नंबर तपासायला जातो म्हणून गेला होता आणि चष्मा न बदलताच परत आला होता. त्याच सुमारास त्यानं मला सांगितलं होतं की तुझ्या हाताला हल्ली मीठ जास्त पडतं. मला राग आला होता. पंचवीस वर्षं त्याच हाताचं खाल्लंस, असं मी म्हटलं होतं, आणि तरी तेव्हापासून मीठ कमी टाकत होते. भिंतीला हात लावून उठणं, जिन्यात थांबणं. मी लाज समजत होते ते. अंगणातली ब्राह्मी, जी मला वाटायचं सगळी बाईंकडे जाते, ती इतकी भराभर का संपत होती तेही कळलं. हे सगळं मला एका रांगेत, एकापाठोपाठ एक असं आठवलं नाही. एकदम आलं आणि त्याचा आवाज झाला नाही. मागच्या माणसानं विचारलं, काय झालं, औषध नाही का? मी म्हटलं, आहे.

मी गोळ्या काढल्या, मुदत पाहिली, पाकिटावर सकाळचा सूर्य काढला. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी आम्ही काढतो, पण मी काढला. नोंद केली. तो म्हणाला, "कशी घ्यायची?"

"रोज सकाळी एक, न्याहारीनंतर. एकही दिवस चुकवायची नाही. बरं वाटलं तरी बंद करायची नाही. पहिले काही दिवस उठताना सावकाश उठा." बोलता बोलता मी त्याला अहोजाहो केलं होतं, खिडकीतून सगळ्यांना करते तसं. त्याच्या ते लक्षात आलं, पण त्यानं काही दाखवलं नाही.

"बरोबर ब्राह्मी चालेल?"

"डॉक्टरांना विचारा. मी नाही सांगू शकत."

त्यानं मान हलवली, पाकीट शर्टाच्या खिशात ठेवलं, खिशावर एकदा हात दाबून पाहिला आणि बाजूला झाला. शेजारच्या खिडकीतली म्हणाली, "काढेकाका ना ते?" मी म्हटलं, "हो," आणि पुढचं टोकन पुकारलं. आकडा चुकीचा पुकारला, लोक ओरडले, मी पुन्हा पुकारला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डबा भरत होते, तो टेबलाशी बसला होता, टोस्ट संपवून. त्यानं खिशातून पाकीट काढलं, एक गोळी फोडून तळहातावर घेतली आणि पाण्याचा पेला उचलला. मी डब्याचं झाकण हातात धरून त्याच्याकडे बघत होते आणि मी बघतेय हे त्याला ठाऊक होतं. त्यानं गोळी तोंडात टाकली, पाणी प्यायला, पेला खाली ठेवला. मग माझ्याकडे तोंड करून त्यानं मोठा आ केला, जीभ वर उचलून दाखवली, आधी एका बाजूला नेली, मग दुसऱ्या. त्याच्या मागच्या दाढेत चांदी भरलेली आहे, ती दिसली. मी डब्याचं झाकण ठेवलं, त्याच्या खुर्चीजवळ गेले आणि वाकून नीट पाहिलं.